लास्कर, गूल, इफ्रीत

'वदरिंग हाइट्स' या कादंबरीत हीथक्लिफला कोण काय म्हणतं, याची यादी मी एकदा वहीच्या मागच्या पानावर केली होती. जिप्सी, कुत्रा, भटक्या, सैतानाचं पिल्लू अशी ती वाढत गेली. त्यात तीन शब्द असे निघाले की पेन थांबलं. लास्कर, गूल आणि इफ्रीत. पहिला फारसीतून गेलेला, बाकीचे दोन अरबीतून. यॉर्कशायरमधल्या एका पाद्र्याच्या घरातल्या दोन बहिणींना आपल्या एका पात्राला नेमकं काय म्हणावं हे ठरेना, तेव्हा त्यांच्या हाताला लागले ते आपल्या घरातले शब्द. मी उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजी मला शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावी लागते. कदाचित म्हणूनच हे शब्द माझ्या डोळ्यांना टोचले.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एमिली ब्राँटीची ही एकुलती एक कादंबरी डिसेंबर १८४७ मध्ये 'एलिस बेल' या टोपणनावाने आली. पुढच्याच डिसेंबरात एमिली तिसाव्या वर्षी वारली. माळरानावरच्या एका घराचा मालक, अर्नशॉ, पायी लिव्हरपूलला जातो. जाताना साठ मैल, येताना साठ मैल. मुलाने फिडल मागितलेलं असतं, मुलीने चाबूक. तो परततो तेव्हा कोटाच्या आत गुंडाळलेलं एक मळकं, फाटक्या कपड्यांतलं, काळ्या केसांचं पोरगं असतं. फिडलचा चुरा झालेला, चाबूक वाटेत हरवलेला. मुलगा रडतो, मुलगी त्या पोरावर थुंकते. घरातली नेली नावाची मोलकरीण, जी आपल्याला ही सगळी गोष्ट सांगते, ती त्याला जिन्याच्या चौकात ठेवून देते, सकाळपर्यंत निघून गेला तर बरंच म्हणून. हे ती स्वतःच कबूल करते. घरात आधी मेलेल्या एका मुलाचं नाव त्याला मिळतं, हीथक्लिफ. तेच नाव, तेच आडनाव. हीथ म्हणजे माळ, क्लिफ म्हणजे कडा. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलांनी लगेच खिडकीबाहेर मलंगगडाकडे बघितलं. त्यांना नाव कळलं.

तो पोरगा पहिल्या रात्री काहीतरी बोलत असतो. नेली सांगते, काय बडबडत होता ते कुणालाच कळलं नाही. या एका वाक्यावर मी फार दिवस अडले. बडबड कशी असेल? सहा-सात वर्षांचं मूल बोलतंय म्हणजे कुठलीतरी भाषाच बोलतंय. कुणीतरी आईने ती त्याला दिलेली आहे. ऐकणाऱ्याला येत नाही म्हणून ती बडबड झाली. कादंबरीत सगळे त्याला जिप्सी म्हणतात. युरोपातल्या रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्याच बाजूने तिकडे गेले आणि त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान. तो खरंच रोमा असता तर त्या रात्री त्याने कदाचित पानीच मागितलं असतं आणि त्या स्वयंपाकघरात कुणाला ते कळलं नसतं. उल्हासनगर-अंबरनाथच्या शाळेत जून महिन्यात गोंडा नाहीतर बस्तीहून नुकतं आलेलं मूल पहिल्या बाकावर बसून असंच बोलतं. वर्ग हसतो.

आता लास्कर. लश्कर म्हणजे फौज. पुण्यात कॅम्पला अजूनही लष्कर म्हणतात. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला आणि शिपायाचा खलाशी झाला. कादंबरीत शेजारचे श्रीमंत लिंटनसाहेब खिडकीशी पकडलेल्या त्या पोराला झुंबराच्या उजेडात न्याहाळतात आणि म्हणतात, हा तोच, शेजाऱ्याने लिव्हरपूलहून आणलेला, कुठला तरी छोटा लास्कर असेल. माझं आजोळ कोकणातलं. तिथे घरटी एक माणूस बोटीवर गेलेला. सारंग, तांडेल ही बोटीवरची पदं, आज ती आडनावं आहेत. रत्नागिरीकडचे आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींच्या डेकवर राबले. बोटी त्यांना विलायतेत उतरवून द्यायच्या आणि परतीचं काम मिळेपर्यंत ते थंडीत रस्त्यावर राहायचे. इतके, की लंडनच्या लाइमहाउस भागात १८५७ मध्ये आशियाई खलाशांसाठी खास निवारा उघडावा लागला.

म्हणून हीथक्लिफ कोकणी मुसलमान होता, असं मी म्हणणार नाही. असं म्हणायला मजा येते, आणि अशा मजेत आपण बराच वेळ घालवतो. गोष्टीतला तो काळ १७७० च्या आसपासचा. तेव्हा लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचं बंदर होतं, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लंडनला लागायची. लिंटनसाहेबांना काही माहीत नसतं. सावळा चेहरा दिसला आणि तोंडाला आला तो शब्द त्यांनी फेकला. एमिलीने त्याचं मूळ कुठेच सांगितलेलं नाही. शेवटपर्यंत नाही. मला त्या न सांगण्यातच खरी गोष्ट दिसते.

कारण आपल्याला ती रिकामी जागा सहन होत नाही. कादंबरीतच एक प्रसंग आहे. म्हातारा अर्नशॉ वारल्यावर त्याचा मुलगा हिंडली या पोराची शिकवणी बंद करतो, त्याला शेतावर नोकरांत ढकलतो, मारतो. एके दिवशी हीथक्लिफ आरशासमोर हिरमुसून उभा असताना नेली त्याची समजूत काढते : कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल, आई हिंदुस्थानची राणी असेल, आठवड्याच्या कमाईत ही दोन्ही घरं विकत घेतील. लहान मुलाला बरं वाटावं म्हणून सांगितलेली थाप. आता १९६६ चा 'दिल दिया दर्द लिया' आठवा. ए. आर. कारदार यांचा चित्रपट, दिलीपकुमार, वहिदा रेहमान, प्राण. याच कादंबरीवर बेतलेला. त्यात दिलीपकुमारचा शंकर हा वादळात बोट बुडून वाचलेला राजघराण्याचा वारस निघतो. नेलीने दिलेली थाप आपल्या चित्रपटाने खरी करून दाखवली. अनाथाला मारणं वाईट, हे तर आहेच. पण तो राजाचा मुलगा असेल तर फारच वाईट.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. 'मृत्युंजय' आणि 'राधेय' वाचून आपण सगळे कर्णासाठी रडलो आहोत. मीही रडले आहे, अकरावीत, रात्री दिवा लावून. कर्णाने भर सभेत द्रौपदीला काय म्हटलं ते आठवून सुद्धा आपण त्याला माफ करतो. पण कर्ण हा सूर्याचा आणि कुंतीचा मुलगा आहे हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. अधिरथाचाच सख्खा मुलगा असता आणि तेच शब्द बोलला असता तर? त्याच्यावर कुणी एवढी जाड कादंबरी लिहिली असती का, याची मला शंका आहे. बहिष्कृताचं रक्त शेवटी 'चांगलं' निघालं की आपली माया मोकळी होते. हीथक्लिफ कुणाचाच निघत नाही. त्याच्यावर माया करायची तर तशीच करावी लागते, कागदपत्रं न बघता.

जाता जाता, एक मुंबईची हकिकत. हॉलीवूडने १९३९ मध्ये या कादंबरीवर जो गाजलेला चित्रपट काढला, त्यात सावळ्या हीथक्लिफचं काम लॉरेन्स ऑलिव्हिए या गोऱ्या इंग्रज नटाने केलं. गोऱ्या घरातल्या कॅथरीनचं काम केलं मर्ल ओबेरॉनने. ही बाई १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन. जन्मभर तिने सांगितलं की आपण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या. खरं काय ते ती गेल्यावर बाहेर आलं. म्हणजे त्या सेटवर आपलं मूळ लपवून जगणारं माणूस होतं, फक्त ते दुसऱ्या भूमिकेत होतं.

आणि त्या चित्रपटाने अर्धीच कादंबरी घेतली. कॅथरीन मरते तिथे कथा संपवली. तसं केलं की काम सोपं होतं. हीथक्लिफ प्रेमिक राहतो. कॅथरीन आपल्याशी लग्न करून आपला दर्जा घालवणार नाही, एवढं अर्धवट ऐकून घर सोडून गेलेला, तीन वर्षांनी कुठूनतरी पैसा कमावून परत आलेला, उद्ध्वस्त झालेला प्रेमिक. खरी अडचण पुढच्या अर्ध्या भागात आहे.

तो परत येतो आणि हिशेब चुकते करू लागतो. कॅथरीनच्या नवऱ्याची बहीण इसाबेला याच्या प्रेमात पडते. तो तिच्यावर काडीचं प्रेम न करता तिला पळवून नेऊन लग्न करतो, कारण तिच्यामार्फत लिंटनांची मालमत्ता हाताला लागू शकते. ज्या रात्री पळून जायचं त्या रात्री तिच्या छोट्या कुत्रीला तो फास लावून टांगतो. लग्नानंतर ती नेलीला पत्र लिहून विचारते, हा माणूस आहे का? माणूस असेल तर वेडा आहे का, आणि नसेल तर सैतान आहे का? पुढे तो तिच्यावर सुरी फेकतो, ती कानाखाली लागते. ती पळून जाते, लंडनच्या बाजूला, तिथेच मूल होतं, तिथेच मरते.

इसाबेलाची पानं मी बाई म्हणून वाचते, आणि दुसऱ्या कशी वाचाव्यात ते मला कळत नाही. आमच्याकडे मुलगी सासरहून मार खाऊन आली की घरातलीच कुणीतरी मोठी बाई तिच्या डोक्यावर हात फिरवून म्हणते, 'बेटी, समझ ले, बिन माँ-बाप का पला है.' बाहेर त्याला नोकरी मिळत नाही, नावामुळे घर भाड्याने मिळत नाही, पोलीस नाक्यावर अडवतात. सगळं खरं असतं. त्या खऱ्याचं वजन मात्र त्या मुलीच्या पाठीवर येतं. बाहेरच्या अन्यायाची भरपाई घरातल्या बाईने द्यायची, हा कुठला हिशेब? हीथक्लिफवर जो अन्याय झाला तो इसाबेलाने केलेला नव्हता.

आणि मग हेअरटन. हिंडलीचा मुलगा. बायको गेल्यावर दारूत बुडालेला हिंडली एकदा या तान्ह्या पोराला जिन्याच्या कठड्यावरून बाहेर धरतो आणि ते हातातून सुटतं. खालून हीथक्लिफ चाललेला असतो. तो हात पुढे करतो आणि झेलतो. विचार न करता. मग वर बघतो, कुणाचं मूल वाचवलं ते कळतं, आणि त्याचा चेहरा पडतो. आपोआप घडणारा सूड आपल्याच हाताने हुकवला, म्हणून. मला अख्ख्या कादंबरीत हा प्रसंग सगळ्यात जास्त घाबरवतो. हात चांगले आहेत. डोकं येऊन त्या हातांना रागावतं.

पुढे हिंडली जुगारात घरदार गहाण टाकतो, गहाणखत हीथक्लिफकडे, आणि हिंडली मेल्यावर हेअरटन आपल्याच घरात बिनपगारी नोकर होतो. ज्या घराच्या दारावर त्याच्याच पूर्वजाचं, त्याच्याच नावाचं, 'हेअरटन अर्नशॉ, १५००' असं कोरलेलं आहे. ते त्याला वाचता येत नाही. कारण हीथक्लिफने त्याला अक्षर शिकू दिलेलं नाही. शिकवायला येणाऱ्या पाद्र्याला उंबऱ्यात दात पाडायची धमकी दिलेली आहे. स्वतःची शिकवणी ज्याने बंद केली त्याच्या मुलाची शिकवणी बंद. एका वाऱ्याने एक झाड वाकलं, तर त्याच वाऱ्याने दुसरं वाकतं का ते बघू, अशा अर्थाचं तो बोलतो. जणू प्रयोग.

यतीम होता तो. आपल्या दीनमध्ये यतीम या शब्दाला केवढं वजन आहे, वेगळं सांगायला नको. रसूलुल्लाह स्वतः यतीम होते. यतिमाला धक्का देणाऱ्याबद्दल सूरह माऊनमध्ये काय म्हटलंय, यतिमाचा माल गिळणाऱ्याबद्दल सूरह निसामध्ये केवढा कडक इशारा आहे, हे मकतबमध्ये जाणाऱ्या मुलालाही माहीत असतं. पण आपण ते नेहमी यतिमाच्या बाजूने ऐकतो. आपण स्वतःला कुठे बसवतो? धक्का खाणाऱ्याच्या जागी. हीथक्लिफ आधी या बाजूला आहे आणि मग त्या बाजूला. माणूस तोच.

गेल्या पावसाळ्यात मी ही गोष्ट नववीला सांगितली. उल्हास नदीला पाणी चढलं, गाड्या उशिरा धावू लागल्या की अर्धा वर्ग गैरहजर असतो. नवीन धडा सुरू करता येत नाही. मीच जांभूळहून कशीबशी पोचलेली असते. मग गोष्ट. मिश्र भाषेत, आठवडाभर, तुकड्यातुकड्याने. त्या वर्गात एक मुलगा होता. वडील नाहीत, चाचाकडे राहतो, शाळा सुटली की गॅरेजमध्ये हाताखाली काम. पाचवीत गावाकडून आला तेव्हा त्याच्या बोलण्याला सगळे हसायचे. मी ते पाहिलेलं आहे. आता त्याने सहावीतल्या एका नव्या मुलाला धरलं होतं. त्याचा डबा काढून घ्यायचा, दप्तर उचलायला लावायचं, आणि पोरांना जमवून त्याला गावच्या बोलीत बोलायला लावायचं. हसण्यासाठी. स्टाफरूममध्ये दोन मतं होती. एक म्हणायचे, जाऊ द्या हो, बापाविना पोर आहे. दुसरे म्हणायचे, दाखला हातात द्या. गोष्ट मी त्याला ऐकू जावी म्हणूनच निवडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

हेअरटनला दारावरचं नाव वाचता येत नाही, इथे मी आले तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी चिडून म्हणाली, 'मिस, उसको तो मालूम था ना कैसा लगता है? फिर भी?'

'फिर भी' नाही, असं मी तिला सांगितलं. कादंबरीत याचं उत्तर हीथक्लिफ स्वतः देतो. तो नेलीला सांगतो की हेअरटनला काय वाटतं ते मला आतून कळतं, कारण मी ते सगळं भोगलेलं आहे. आणि म्हणूनच मला यात मजा येते. तो मुलगा खरं तर सोनं आहे, हेही त्याला दिसतं. सोनं आहे आणि आपण ते फरशीच्या जागी वापरतोय, असंच काहीसं तो म्हणतो. दुःख माणसाला मऊ करतं, हे आपण मुलांना निबंधात लिहायला लावतो. कधी करतं. कधी दुःख माणसाला एवढंच शिकवतं की नेमकं कुठे मारलं की दुखतं. दप्तर उचलायला लावणाऱ्या मुलाला गावची बोली हीच जागा कशी सापडली? कारण त्याची तीच दुखली होती.

बीएडला आम्हाला स्वभावचित्रणाची एक पद्धत शिकवली होती. फळ्याच्या मधोमध रेघ, इकडे गुण, तिकडे दोष. परीक्षेत मार्क मिळतात. हीथक्लिफला ती रेघ चालत नाही. मुळात तो आधी चांगला होता आणि लोकांनी वाईट केला, असंही एमिली आपल्याला म्हणू देत नाही. लहान असताना त्याचं शिंगरू लंगडं होतं, तेव्हा तो हिंडलीचं चांगलं शिंगरू मागतो आणि शांतपणे सांगतो, नाही दिलंस तर या आठवड्यात तू मला तीनदा मारलंस ते तुझ्या बापाला दाखवीन. हिंडली त्याला लोखंडी वजन फेकून मारतो. मार खरा आहे, धमकीही खरी आहे. ते पोर दोन्ही करतं, सहन आणि वसूल.

एमिलीच्या मोठ्या बहिणीला, शार्लटला, हे झेपलं नाही. एमिली गेल्यावर १८५० मध्ये तिने कादंबरीची नवी आवृत्ती काढली आणि प्रस्तावनेत जवळजवळ माफीच मागितली. असली माणसं निर्माण करणं योग्य आहे का, अशी शंका तिने काढली. हेअरटनबद्दलची थोडी ओढ आणि नेलीबद्दलचा थोडा आदर सोडला, तर हा लास्करचाही मुलगा नाही आणि जिप्सीचाही नाही, माणसाच्या आकारातला गूल आहे, इफ्रीत आहे, असं तिने लिहिलं. गूल म्हणजे कबरी उकरणारा. इफ्रीत म्हणजे जिन्नातला बलदंड. पण इफ्रीत कुरआनात कुठे येतो? सूरह नम्लमध्ये, सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या दरबारात. सबाच्या राणीचं तख्त आणण्यासाठी तो पुढे होतो आणि म्हणतो की मी ताकदवान आहे आणि विश्वासूही आहे. तिथे तर तो नोकरीवर आहे बिचारा! शार्लटला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला माणसांच्या यादीतून नाव कमी करायला एक शब्द हवा होता, तो पूर्वेकडून आणावा लागला.

इथे मला आपल्याविषयी बोलायचं आहे. मराठी-हिंदी कथा-चित्रपटांत आपल्यासाठी दोन जागा राखीव असतात. एक 'शोले'तला इमामसाहेब, मुलगा गमावूनही गावाला धीर देणारा. दुसरी नाक्यावरचा भाई. फरिश्ता नाहीतर इफ्रीत. वर्तमानपत्रात एखादं नाव आलं की आपणही घाईने सांगायला धावतो की तो खरा मुसलमान नव्हेच. म्हणजे शार्लटचंच काम आपण करतो, यादीतून नाव कमी करायचं. आणि दुसऱ्या टोकाला आपल्यातलेच काही असे आहेत की आपल्यावर एवढा अन्याय झालाय म्हणून आपल्यातल्या कुणाच्या चुकीचा उल्लेखच नको. हमीद दलवाईंच्या 'इंधन'मधली (१९६५) कोकणातली माणसं मला म्हणून जवळची वाटतात. दलवाईंची सगळी मतं मला मान्य नाहीत. पण त्यांच्या कादंबरीतले मुसलमान कुणाला दाखला द्यायला उभे नाहीत. ते चुकतात, भांडतात, लाजतात. आपल्याला वाईट असण्याचाही हक्क आहे, असं मी म्हटलं की लोक दचकतात. वाईट वागण्याचा हक्क असं मी म्हणत नाहीये. वाईट वागलो तरी माणूस म्हणून तोलले जाण्याचा हक्क.

माणूस म्हणून तोलायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही, हे मात्र वर्गातल्या मुलांना माझ्यापेक्षा लवकर उमगलं. शेवटच्या दिवशी मी शेवट सांगितला. कॅथरीनची मुलगी, तिचंही नाव कॅथरीनच, तिला हीथक्लिफने कोंडून ठेवून जबरदस्तीने आपल्या आजारी मुलाशी लग्न लावायला भाग पाडलं, तो मुलगा मेला, आणि आता ती या घरात विधवा म्हणून अडकलेली. हेअरटन चोरून एकट्याने अक्षरं शिकत होता. पूर्वी एकदा त्याने तिला अभिमानाने सांगितलं होतं की मला दारावरचं वाचता येतं. तिने विचारलं होतं, आणि आकडे? आकडे अजून येत नाहीत, म्हणाला. ती हसली होती. (शिक्षक असाल तर हे पान वाचून बघा, पोटात कालवतं.) आता ती कागदात बांधलेलं एक पुस्तक त्याला पाठवते, आणि ते त्याने घेतलं तर स्वतः येऊन नीट वाचायला शिकवीन असं कळवते. दोघं एका पुस्तकावर वाकून वाचत बसलेले असताना हीथक्लिफ आत येतो, दोघं एकदमच वर बघतात, आणि दोघांचेही डोळे मेलेल्या कॅथरीनचे असतात. त्याचा हात उठत नाही. उरलेलं उद्ध्वस्त करायची इच्छाच गेली, असं तो नेलीला सांगतो. खाणं सुटतं. काही दिवसांनी उघड्या खिडकीखाली पावसात भिजून मेलेला सापडतो.

तौबा? नाही. नेली त्याला सुचवून बघते. तो म्हणतो, मी काही अन्याय केलेला नाही, मला कशाचा पश्चात्ताप नाही.

आणि त्याच्यासाठी रडतो कोण? फक्त हेअरटन. ज्याचं घर, जमीन, अक्षर सगळं त्याने हिसकावलं, तोच रात्रभर मयतीजवळ बसतो, हात धरून रडतो, आणि दफनानंतर डोळे गळत असताना स्वतः हिरवी ढेकळं खणून कबरीवर रचतो. मिट्टी दिली त्याने.

वर्ग गप्प होता. मग तो मुलगा, गॅरेजवाला, ज्याने आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं, मागच्या बाकावरून म्हणाला, 'मिस, उसकी बख्शिश होगी?'

मी त्यांना जे मला लहानपणी शिकवलं गेलं ते सांगितलं. अल्लाहचे हक आणि बंद्यांचे हक वेगळे. आपला हक अल्लाह माफ करेल, तो रहीम आहे. पण हुकूकुल इबाद, माणसाचं माणसाकडे जे देणं आहे, ते ज्याचं त्याने माफ करायचं असतं. हेअरटन रडला, म्हणजे हेअरटनचा हिस्सा बहुतेक माफ झाला.

'और वो बीवी का?' पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

इसाबेलाने माफ केलं असं कादंबरीत कुठेही लिहिलेलं नाही, मी म्हणाले.

त्यानंतर त्याने सहावीतल्या त्या मुलाला सोडून दिलं का, असं मला स्टाफरूममध्ये विचारलं गेलं. दप्तर उचलायला लावणं थांबलं. डब्यातलं अजून कधीकधी घेतो. परवा मधल्या सुट्टीत मी त्यांना जिन्यात बघितलं, छोटा गावच्या बोलीत काहीतरी भराभर सांगत होता आणि हा त्याच बोलीत उत्तर देत होता. आजूबाजूला हसायला कुणी नव्हतं. मला पाहून दोघंही उर्दूत बोलायला लागले.